कळ थांबली, पण काळजाचे काय?

खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र समोर आहे. तिचे सासरे पासष्ट वर्षांचे. पाच महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सांगलीला नेले, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसवला, जनआरोग्य योजनेतून खर्च भागला आणि म्हातारबाबा आपल्या पायांनी चालत घरी आले. इथवर सगळे ठीक झाले. पण तिचे दीर राजस्थानात एका गलईच्या दुकानात कामाला आहेत. विटा, खानापूर, आटपाडी भागातील माणसे सोने-चांदी गाळण्याच्या या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. हे दीर परवा गावी आले आणि येताना कागदात बांधून नखाएवढी काळपट गोळी घेऊन आले. अफूची.

“तिकडं म्हातारी माणसं रोज सांजच्याला घेतात. कुणाचं काळीज बंद पडत न्हाय,” असे त्यांचे म्हणणे. वर मोबाइलवर आलेला मजकूर दाखवला की, अफूपासून केलेल्या औषधांनी हृदयाचे रक्षण होते असे परदेशातील शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. भगिनी विचारते, “ताई, हे खरे आहे का? बाबांना द्यावी का?”

उत्तर आधी सांगते. देऊ नये. एक कणही देऊ नये.

परंतु तेवढे सांगून पत्र बाजूला ठेवले, तर दीरांच्या मनातली शंका तशीच राहील आणि पुढच्या खेपेला दुसरी पुडी येईल. शिवाय मोबाइलवरचा तो मजकूर अगदीच थाप नाही. अर्धे खरे जास्त फसवते. म्हणून त्यातले खरे किती आणि आपल्या उपयोगाचे किती, हे आज नीट पाहू. पत्राच्या शेवटच्या पानावर आणखी एक ओळ आहे. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

अफू म्हणजे काय? आपण मटणाच्या वाटणात जी खसखस घालतो, तिच्याच झाडाचा हा चीक. खसखशीच्या हिरव्या बोंडाला बारीक चिरा पाडतात, त्यातून पांढरा चीक येतो आणि तो वाळून काळपट होतो. खसखशीच्या दाण्यात नशा जवळजवळ नसते, तेव्हा वाटणाची काळजी करू नका! १८०५ च्या सुमारास जर्मनीतील सर्ट्यूर्नर नावाच्या एका तरुण औषध बनवणाऱ्याने या चिकातून वेदना मारणारे मुख्य द्रव्य वेगळे काढले आणि ग्रीक लोकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याला नाव दिले. तेच मॉर्फिन. शंभराहून अधिक वर्षे हृदयविकाराच्या झटक्यात डॉक्टर ते वापरत आले आहेत. छातीवर दगड ठेवल्यासारखी कळ त्याने थांबते, घाबरलेला रोगी शांत होतो, शिरा थोड्या सैलावतात आणि हृदयावरचा भार हलका होतो. मॉर्फिनचे काम एवढेच, असे बरीच वर्षे समजले जात होते.

मग १९७३ साली अमेरिकेत असे आढळले की, माणसाच्या मेंदूत मॉर्फिनला चिकटून घेणाऱ्या खास जागा आहेत. जणू कुलपे. आता कुलूप आहे म्हटल्यावर किल्ली घरातच कुठेतरी असली पाहिजे. निसर्गाने काही अफूच्या शेताची वाट पाहत कुलपे बसवली नसतील! दोनच वर्षांत, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमधील अॅबरडीन येथे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत ती घरची किल्ली सापडली. शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करते. पुढे कळले की, ती केवळ मेंदूत नाहीत. हृदयाच्या स्नायूतही ती तयार होतात आणि तिथेही तशीच कुलपे आहेत. हृदयाला ती कशासाठी लागतात?

याचे उत्तर वेगळ्याच वाटेने आले. १९८६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रीमर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. हृदयाला रक्त पुरवणारी एक धमनी चाळीस मिनिटे बंद ठेवली आणि किती स्नायू मरतो ते मोजले. दुसऱ्या गटात तेच केले, पण त्याआधी ती धमनी पाच पाच मिनिटे अशी चार वेळा बंद-चालू केली. या कुत्र्यांचे हृदय जास्त वेळ उपाशी राहिले होते, म्हणजे नुकसानही जास्त व्हायला हवे. झाले उलटेच. मेलेला स्नायू पहिल्या गटाच्या जवळपास एक चतुर्थांशच भरला. आपला शेतकरी लावणीआधी रोपांचे पाणी दोन-चार दिवस तोडतो, म्हणजे रोप कणखर होते आणि शेतात गेल्यावर ऊन सोसते. थोडासा ताण सोसलेले हृदय मोठ्या ताणाला तसे तयार झाले होते.

त्यानंतर १९९५-९६ मध्ये मिलवॉकीच्या वैद्यकीय महाविद्यालयात गॅरेट ग्रॉस, ज्यो एल शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. नॅलोक्सोन नावाचे औषध आहे. ते अफूची कुलपे अडवून धरते; अफूची विषबाधा झालेल्या रोग्याला ते देतात. ते आधी टोचले, तर ताण देऊन आलेला कणखरपणा नाहीसा होई. म्हणजे हृदयाला वाचवणाऱ्या द्रव्यांत शरीराची घरची अफू होती तर! मग त्यांनी धमनीला ताण न देता नुसते मॉर्फिन दिले आणि झटक्यात मरणारा स्नायू पुष्कळ कमी झाला. ताणाने जे साधत होते ते मॉर्फिनने साधले.

दीरांच्या मोबाइलवरचा मजकूर बहुधा इथूनच निघाला आहे आणि इथवर तो खोटा नाही. माणसांवरही थोडे काम झाले. अँजिओप्लास्टी करताना धमनीत फुगा फुगवतात तेव्हा रक्त काही क्षण अडते. तेवढ्या वेळात हृदय किती कुरकुरते हे मोजून मॉर्फिनचा काही उपयोग दिसतो का, हे १९९० नंतरच्या दशकात पाहिले गेले. उपयोग दिसला. पण फुगा दोन मिनिटांचा असतो आणि झटका काही तासांचा.

अडचण मुळातच आहे. उंदराला मॉर्फिन आधी दिले आणि धमनी नंतर बांधली. आपल्याला झटका येणार हे आधी कोण सांगणार? तो काही तलाठ्याची नोटीस देऊन येत नाही. आणि प्रयोगाचा उंदीर तरुण आणि निरोगी असतो. आपला रोगी साठीचा, मधुमेहाचा, चाळीस वर्षे तंबाखू मळलेला. अशा हृदयात ती कणखर होण्याची शक्तीच पुष्कळदा कमी झालेली असते.

दुसरी अडचण कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. मॉर्फिन पोटाची हालचाल मंद करते. हे आम्हा परिचारिकांना जुनेच ठाऊक. मॉर्फिन दिलेल्या रोग्याला उलटी होते, पोट साफ होत नाही. पण झटक्याच्या रोग्याला रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून ज्या गोळ्या गिळायला देतात, त्याही पोटातूनच रक्तात जातात ना? व्हिएन्नामध्ये २०१४ साली निरोगी स्वयंसेवकांवर तपासले तेव्हा दिसले की, मॉर्फिन दिल्यावर क्लोपिडोग्रेल रक्तात उशिरा आणि कमी पोचते. त्याच जातीच्या नव्या गोळ्यांचीही हीच गत असल्याचे पुढे पोलंडमधील प्रत्यक्ष रोग्यांवर दिसले. एका हाताने कळ थांबवायची आणि दुसऱ्या हाताने गुठळीवरच्या औषधाची वाट अडवायची, असा हा प्रकार.

अमेरिकेत २००५ साली सत्तावन्न हजारांवर रोग्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांना हृदयधमनी पूर्ण न बुजता येणारा झटका होता. ज्यांना मॉर्फिन मिळाले त्यांच्यात मृत्यू जास्त आढळले. यावरून मॉर्फिनने माणसे मारली असे म्हणणे घाईचे होईल, कारण ज्याची कळ जास्त, ज्याचे दुखणे मोठे, त्यालाच मॉर्फिन दिले जाते. पण एवढे नक्की की, उंदरात दिसलेले रक्षण माणसांच्या नोंदीत कुठे दिसले नाही. म्हणून आता डॉक्टर झटक्याच्या प्रत्येक रोग्याला सरसकट मॉर्फिन देत नाहीत. कळ असह्य असेल, रोगी तळमळत असेल, तर शिरेतून दोन-चार मिलिग्रॅम देतात, थांबून पाहतात, लागले तर पुन्हा देतात. ते योग्यच आहे. दवाखान्यात अशी दोन इंजेक्शने मिळाली म्हणून कोणी अफूबाज होत नाही. “आमच्या माणसाला नशेचं टोचू नका,” म्हणत भांडणारे नातेवाईक मी नोकरीत पाहिले आहेत. वेदनेने हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. तेव्हा ती थांबवणे हाही उपचारच आहे.

पण हे दवाखान्यातले झाले, ईसीजी काढून, पडद्यावर ठोके दिसत असताना. माझ्या थोरल्या भावाचे तसे झाले नाही.

गोष्ट १९९३ ची. भाऊ गावी शेतावर होता, मी दुसऱ्या जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला. रात्री नऊच्या सुमारास त्याच्या छातीत दाटून आले, डावा हात भरून आला, अंग घामाने भिजले. घरच्यांनी पित्त समजून लिंबू-सोडा पाजला, ओवा चघळायला दिला. मग गावातल्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी पेंटाझोसिनचे इंजेक्शन दिले. त्या काळी आडगावात मॉर्फिन मिळणे शक्यच नव्हते, तेव्हा कडक वेदनाशामक म्हणून बहुतेकांच्या बॅगेत हेच असे. अर्ध्या तासात कळ गेली. “लागू पडलं बघा,” म्हणून सगळे निजले. भाऊही निजला. पहाटे धाप लागून उठला तेव्हा ओठ निळे पडले होते. जीप मिळवून शहरात न्यायला दहा वाजले.

सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवरून वहिनी मला सांगत होती, “कळ राहिली होती गं रातीच. मग काय झालं?”

काय झाले ते मला तिथेच, फोनच्या तारेवर, कळले होते. इंजेक्शनने कळ थांबवली, गुठळी नाही. रक्त अडल्यापासून वीस-तीस मिनिटांत हृदयाचा स्नायू मरू लागतो आणि सहा तासांत त्यातला बहुतेक गेलेला असतो. भावाचे ते तास झोपेत गेले. त्यात पेंटाझोसिन हे अफूच्या कुळातले असले तरी मॉर्फिनसारखे वागत नाही. ते रक्तदाब वाढवते आणि हृदयावरचा भार हलका करण्याऐवजी जड करते. म्हणून झटक्यात ते टाळावे असे पुस्तकांत तेव्हाही लिहिलेले होते. डॉक्टरांना मी दोष देत बसले नाही. त्यांच्याकडे ईसीजीचे यंत्र नव्हते आणि मध्यरात्री हाक मारल्यावर आले हेच पुष्कळ. भाऊ त्या वेळी वाचला. पण पुढची दोन वर्षे त्याला घरापासून विहिरीपर्यंत जाताना तीनदा बसावे लागे आणि १९९५ च्या उन्हाळ्यात तो गेला.

अफूची ही जुनीच खोड आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका पाळीवर जाताना तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी चाटवत. आपल्या सातारा भागातून गेलेली किती कुटुंबे त्या चाळींत होती! मूल दिवसभर निपचित पडे आणि आई निश्चिंतपणे साच्यावर उभी राही. मूल शांत होई, भूक तशीच राही, आणि कित्येक मुले त्या झोपेतून उठलीच नाहीत. त्या आयांना निर्दय म्हणणे सोपे आहे. पण बाळंतपणाची पगारी रजा नव्हती, मूल ठेवायला जागा नव्हती, तर त्यांनी काय करावे? १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला, तो याच बायांसाठी.

आता दीरांच्या राजस्थानी म्हाताऱ्यांकडे वळू. रोज अफू घेऊन ऐंशीपर्यंत जगलेली माणसे असतीलही. पण जे अफू घेऊन साठाव्या वर्षी गेले, ते ओट्यावर बसून कोणाला सांगणार? अशा समजुतीची परीक्षा मोठ्या संख्येनेच होते आणि ती इराणमध्ये झाली. तिकडेही अफू हृदयाला चांगली असा समज पिढ्यान्‌पिढ्या आहे. गोलेस्तान प्रांतात पन्नास हजारांवर माणसांची नोंद करून कित्येक वर्षे त्यांचा मागोवा घेतला आणि २०१२ साली निष्कर्ष छापला. अफू घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा पाऊणपटीहून अधिक वाढलेले होते. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या रोगांनी होणारे मृत्यूही त्यांच्यात जास्तच होते. तंबाखूचा हिशेब वेगळा काढूनही हे अंतर राहिले.

आणखी एक. ती नखाएवढी गोळी घरात ठेवणे हा १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गुन्हा आहे. थोडी आहे म्हणून सुटका नाही. याच कायद्याची दुसरी बाजू मात्र सांगितली पाहिजे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूर येथे सरकारचे कारखाने आहेत, आणि तरीही कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे साध्या दवाखान्यांतून मॉर्फिन जवळजवळ नाहीसे झाले. कॅन्सरचे रोगी तळमळत मेले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त दवाखान्यांसाठी वाट सोपी झाली. पण तालुक्यापर्यंत ती वाट अजून पुरती आलेली नाही. ज्याला खरी गरज त्याला औषध मिळत नाही आणि ज्याला नको त्याच्या खिशात पुडी येते. असो.

मग हृदय खरोखर कशाने वाचते? १९८८ साली एका मोठ्या पाहणीचे निकाल आले. सतरा हजारांवर रोगी, सोळा देश. झटका आल्यावर ज्यांना गुठळीवरचे काहीच औषध दिले नाही, त्यांतले शंभरी तेरा रोगी पाच आठवड्यांत दगावले. ज्यांना साधी अॅस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज ही दोन्ही मिळाली, त्यांतले आठ. अॅस्पिरिनची गोळी तेव्हाही चार-आठ आण्यांची होती, आजही पैशात मोजावी इतकी स्वस्त आहे. अँजिओप्लास्टी लवकर झाली तर आणखी चांगले. पण आमच्या जत, आटपाडी, माण, खटाव किंवा पाटणच्या वरच्या वाड्यांतून सांगली, मिरज, कराड गाठेपर्यंतचा वेळ कोण भरून देणार? म्हणून छातीत दाटले, घाम फुटला, जबडा किंवा हात भरून आला, तर पित्त की गॅस हा वाद ईसीजीवर सोपवावा. १०८ ला फोन करावा. २०१४ पासून ही रुग्णवाहिका आपल्याकडे आहे. फोनवरच्या डॉक्टरांना विचारून, अॅस्पिरिनचे वावडे नसेल आणि रक्तस्रावाचा आजार नसेल तर ती गोळी चावून खायला द्यावी, नुसती गिळू नये. कोणी आधी वेदनाशामक टोचले आणि बरे वाटू लागले, तरी गाडी परत फिरवू नये. आणि मधुमेहाच्या माणसाला, विशेषतः बायांना, कळ न येताच नुसती धाप आणि घाम येऊन झटका येऊ शकतो. “दुखत तर न्हाय,” हे त्यांच्या बाबतीत धरून चालू नये.

आता पत्राची ती शेवटची ओळ. भगिनी लिहिते, “बाबांनी रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या महिनाभर घेतल्या नाहीत. म्हणतात, आता दुखत नाही, उगीच पैसे कशाला.”

चार पाने अफूवर आणि ही ओळ पत्ता लिहिण्याआधी, कडेला! हे वाचल्यावर अंक निघायची वाट पाहण्याची सोय नव्हती. पत्रात दिलेल्या क्रमांकावर मी त्याच संध्याकाळी फोन केला. स्टेंट बसवल्यावर या दोन गोळ्या साधारण वर्षभर चुकवायच्या नसतात. त्या आपल्या मनाने बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी धरू शकते आणि तो झटका पहिल्यापेक्षा वाईट असतो. म्हातारबाबांना फोनवर घेतले. त्यांचे म्हणणे एकच, “पोरी, मला कायबी होत न्हाय.” मी म्हटले, “बाबा, गोळ्या घेत होतात म्हणून होत न्हवतं.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग अफूबद्दल विचारले, तेव्हा कळले की, दीर आल्यापासून दोन संध्याकाळी त्यांनी कणभर चाखली आहे. सुनेला ठाऊक नव्हते.

हे डॉक्टरांपासून लपवू नका असे मी त्यांना बजावले आणि इथेही लिहिते. ज्या कोणाच्या घरी म्हातारे माणूस जुने अफू घेणारे असेल, त्याने ती एका दिवसात तोडायला लावू नये. सवयीच्या माणसाची अफू अचानक तुटली, तर घाम येतो, ठोके वाढतात, रक्तदाब चढतो आणि दुबळ्या हृदयाला ते सोसत नाही. डॉक्टरांना खरे सांगितले, तर ते बेताबेताने सोडवतात. दोन दिवस चाखलेल्याला ती भीती नाही, त्याने तिथेच थांबावे.

दुसऱ्या दिवशी सून आणि दीर त्यांना घेऊन सांगलीला गेले. जुने कागद, ईसीजी आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत भरून नेली होती. डॉक्टरांनी तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. महिन्याची औषधे किती रुपयांची होतात ते मी विचारले, तेव्हा भगिनीने आकडा सांगितला. जेनेरिक औषधांच्या सरकारी दुकानात त्याच गोळ्या बऱ्याच कमी पैशांत मिळतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते. दीर राजस्थानला परत जाण्यापूर्वी विट्यात असे दुकान शोधून सहा महिन्यांची रक्कम तिथे खर्चायला तयार झाले आहेत.